बॅससाठी रॉड, रीळ आणि लाइन: सुरुवात आमिषापासून करा

प्रश्न थोडक्यात असा: सात फुटी मीडियम-हेवी रॉड, त्यावर ८.१:१ गतीचे बेटकास्टिंग रीळ (रॉडच्या वर बसणारे, फेकताना ज्याची लाइन गुंडाळलेली फिरकी, म्हणजे स्पूल, स्वतः फिरते) आणि १२ पौंडी, म्हणजे १२ पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन. या एकाच संचावर बॅसची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या त्या शिकारी माशाची, सगळी मासेमारी चालते. पाच ग्रॅमचे आमिष फेकले की दर दोन-तीन फेकींना रिळावर गुंता होतो. क्रँकबेटला (ओढले की थरथरत पाण्याखाली पोहणारे माशाच्या आकाराचे कडक आमिष) लागलेले मासे जवळ येऊन सुटतात. लाइन वरचेवर गाठीपाशी तुटते. हंगाम संपता संपता रीळ खरखरायला लागले आणि हिसका मारताना हँडल कधीकधी उलटे फिरते. तर मग चांगले महाग रीळ घ्यावे का?

घेऊ नका. यातल्या पहिल्या दोन तक्रारी रिळाच्या नाहीतच, तिसरी हाताची आहे आणि शेवटच्या दोन तासाभराच्या साफसफाईने बहुधा जातील. नवे रीळ याच रॉडवर बसवून तेच पाच ग्रॅमचे आमिष फेकले तर तोच गुंता होईल, फक्त तो महाग रिळावर होईल.

घोळ निवडीच्या क्रमात आहे. दुकानात नजर आधी रिळावर जाते, मग रिळाला शोभेल असा रॉड घेतला जातो आणि लाइन हाताला लागेल ती. क्रम नेमका उलटा हवा. कोणते आमिष, किती वजनाचे, त्याचा गळ कसला आणि ते कुठे टाकायचे, हे आधी. त्यावरून लाइन, लाइन आणि गळावरून रॉड, आणि सगळ्यात शेवटी रीळ.

जाड लाइन माशाच्या वजनासाठी नसते, हेही इथेच सांगायला हवे. लार्जमाउथ बॅसचा विक्रम जॉर्ज पेरीने १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात नोंदवला, २२ पौंड ४ औंस. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने पकडलेला मासा जेमतेम औंसभर जास्त भरला आणि तो विक्रमाशी बरोबरी म्हणून धरला गेला. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बॅससुद्धा दहा किलोच्या आसपास. तरीही बेडकाच्या आकाराच्या आमिषाला ६५ पौंडी लाइन बांधतात, कारण मासा लागताक्षणी पाणवनस्पतीत डोके खुपसतो आणि त्याच्यासोबत चार-पाच किलो ओले शेवाळ ओढून आणावे लागते. लाइनची जाडी ठरते ती अडगळीवर. उघड्या, नितळ पाण्यात ८ पौंडी लाइनवर मोठा बॅस आरामात येतो. बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत तीच लाइन पहिल्या वळणाला जाते.

लाइन: तीन प्रकार, तीन स्वभाव

नायलॉनचे तंगूस, फ्लुरोकार्बन आणि विणलेली म्हणजे ब्रेडेड लाइन. तिघींचा मुख्य फरक घनतेत आहे. नायलॉनची घनता सुमारे १.१४, फ्लुरोकार्बनची सुमारे १.७८, आणि ब्रेडेड ज्या पॉलिथिलीन तंतूंची विणतात त्यांची ०.९७. पाणी १ धरले की चित्र स्पष्ट होते: ब्रेडेड तरंगते, नायलॉन फार सावकाश बुडते, फ्लुरोकार्बन पटकन खाली जाते. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाला फ्लुरोकार्बन बांधले की बुडणारी लाइन आमिषाचे नाक खाली ओढते आणि त्याची चाल मरते. पृष्ठभागासाठी १२ ते १७ पौंडी नायलॉन किंवा ३० ते ५० पौंडी ब्रेडेड. तळाशी सरकणाऱ्या जिगला (शिशाच्या डोक्याचा गळ) आणि टेक्सास रिगला (मऊ प्लास्टिकच्या आमिषात लपवलेला गळ आणि पुढे वजन) मात्र फ्लुरोकार्बनचे हेच बुडणे उपयोगी पडते.

पाण्यात दिसण्याचा भागही यातच आला. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ किंवा थोडा वर. फ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळ आहे म्हणून कमी दिसते. अदृश्य होत नाही. गढूळ पाण्यात या फरकाला फारसा अर्थ उरत नाही, तिथे साधे तंगूस पुरते.

फ्लुरोकार्बन ताणले जात नाही, ही समजूत कुठून आली कोण जाणे. ते चांगलेच ताणले जाते. फरक एवढाच की नायलॉन ताण सुटल्यावर पूर्ववत होते, फ्लुरोकार्बन जोराचा ताण बसल्यावर पूर्ण मागे येत नाही. म्हणून अडकलेले आमिष सोडवण्यासाठी फ्लुरोकार्बनवर जोर लावून झाला असेल तर पुढचे दोन-तीन मीटर कापून टाकणे शहाणपणाचे. नायलॉन पाणी शोषते, ओले झाल्यावर थोडे कमजोर होते आणि उन्हाने खराब होते. खरोखर जवळजवळ न ताणणारी लाइन ब्रेडेडच. दूरवरच्या माशाला गळ टोचण्यासाठी ते उत्तम, पण मासा अगदी जवळ असताना हाच गुण गळ फाडून काढतो.

ब्रेडेड लाइन ताकदीच्या मानाने फार बारीक असते: ३० पौंडी ब्रेडेड साधारण ८ पौंडी नायलॉनइतकी जाड. त्यामुळे बेटकास्टरवर ३० पौंडांखाली जाऊ नका. बारीक ब्रेडेड ताण आल्यावर स्पूलवरच्या आपल्याच वेढ्यांत रुतते आणि पुढच्या फेकीला आमिष हवेत असतानाच लाइन अडते. स्पिनिंग रिळावर (रॉडखाली लटकणारे, फेकताना ज्याचा स्पूल फिरत नाही) १० ते १५ पौंडी ब्रेडेड ठीक चालते. शेवाळात ब्रेडेड करवतीसारखी देठे कापत येते. दगडांवर मात्र ताणलेली ब्रेडेड लवकर झिजते, म्हणून तिथे पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाआधी जोडलेला तुकडा, हवा.

गाठ, आणि तुटलेल्या टोकाची साक्ष

लाइन गाठीपाशी तुटते याचा अर्थ गाठ नीट ओढली जात नाही. फ्लुरोकार्बन कोरडे ओढले की घर्षणाच्या उष्णतेने गाठीतच कमजोर होते. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा, सावकाश, एका दमात ओढा आणि वेढे एकमेकांवर चढत नाहीत ना ते बघा. १२ पौंडी फ्लुरोकार्बनला पालोमार किंवा पाच वेढ्यांची सुधारित क्लिंच पुरेशी आहे. पालोमारमध्ये दुहेरी फास गळावरून नेताना दोन्ही पदर समांतर राहायला हवेत. एकावर एक चढले तर एक दुसऱ्याला कापतो. ब्रेडेडला क्लिंच बांधू नका, ती गुळगुळीत असल्याने सरकते. पालोमार घट्ट बसते. ब्रेडेडला लीडर जोडायला एफजी गाठ सगळ्यात सडपातळ होते आणि रॉडवरच्या कड्यांतून सहज जाते. पण ती नावेत बसून, वाऱ्यात बांधणे जमत नसेल तर दुहेरी युनी बांधा. चांगली बांधलेली साधी गाठ वाईट बांधलेल्या एफजीपेक्षा बरी.

लाइन तुटली की तिचे टोक आधी बघा, मगच दुसरे आमिष बांधा. टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल तर गाठ सरकली. टोक सरळ आणि स्वच्छ कापल्यासारखे असेल तर लाइनवर आधीच खाच होती किंवा कशाची तरी धार लागली. टोकापासून मागे हातभर लाइन खरबरीत लागत असेल तर दगड-लाकडावर घासली गेली. आणि दर वेळी आमिषापासून साधारण सारख्याच अंतरावर तुटत असेल तर लाइनला दोष देण्याआधी रॉडच्या कड्या तपासा.

दर मोठ्या माशानंतर आणि दर अडकण्यानंतर शेवटचा दीड-दोन मीटर बोटांच्या चिमटीतून ओढून बघायचा. नखाला खरखर जाणवली की तेवढे कापून नवी गाठ.

रॉड: आमिषाचे वजन बघा

रॉडच्या मुठीच्या वर छापलेल्या ओळीत चार गोष्टी असतात: लांबी, पॉवर, ॲक्शन आणि आमिष-लाइनची मर्यादा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड टोकाकडच्या एक तृतीयांश भागात वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा मीडियम-हेवी निघतो, त्यामुळे शब्दांपेक्षा ग्रॅम किंवा औंसांच्या आकड्यावर विश्वास ठेवा. मीडियम-हेवीवर साधारणपणे ३/८ ते १ औंस, म्हणजे १०.५ ते २८ ग्रॅम लिहिलेले असते, आणि रॉड सगळ्यात छान फेकतो तो या पट्ट्याच्या मधोमध किंवा जरा वर.

आता पाच ग्रॅमच्या आमिषाचे कोडे सुटते. एवढ्या वजनाने मीडियम-हेवी रॉडचे टोक वाकतच नाही. रॉड वाकला नाही की फेकण्याची ताकद मनगटातून काढावी लागते. मनगटाच्या झटक्याने स्पूल एकदम वेग घेतो, हलके आमिष तितक्या वेगाने लाइन ओढू शकत नाही आणि सुटलेली लाइन स्पूलवर फुगते. गुंता म्हणजे एवढेच: स्पूल आमिषापेक्षा वेगाने फिरला. सात ग्रॅमखालची आमिषे, म्हणजे नेड रिग, ड्रॉप शॉट, छोटे शेकी हेड, ही स्पिनिंग रिळाची कामे आहेत. त्यासाठी ६ फूट १० इंच ते ७ फूट, मीडियम-लाइट किंवा मीडियम, फास्ट रॉड; २५०० आकाराचे रीळ; १० पौंडी ब्रेडेड आणि पुढे दोन-तीन मीटर ६ ते ८ पौंडी फ्लुरोकार्बन. हलक्या आमिषांसाठी उथळ, हलक्या स्पूलची बेटकास्टिंग रिळेही मिळतात, पण सुरुवात त्यांच्यापासून नको.

क्रँकबेटला सुटणाऱ्या माशांचे कारणही रॉडच. क्रँकबेटला बारीक तारेचे तिहेरी गळ असतात. मासा आमिषाला बाजूने थप्पड मारतो आणि बरेचदा एकच टोक ओठाच्या कातडीत रुतते. ताठ, फास्ट रॉडने हिसका दिला की ते टोक भोक रुंद करत बाहेर येते. तिथे हवा मॉडरेट ॲक्शनचा, फायबरग्लासचा किंवा ग्लास-कार्बन मिश्र रॉड, ७ फूट ते ७ फूट ६ इंच. तो माशाला आमिष तोंडात घेऊ देतो आणि मासा नावेजवळ डोके झटकतो तेव्हा झटका स्वतः गिळतो. हिसका मारायचा नाही, रॉड बाजूला वळवत रीळ फिरवत राहायचे. याउलट टेक्सास रिगमध्ये एकच जाड गळ मऊ प्लास्टिकमधून पार होऊन जबड्यात घुसवायचा असतो. त्याला ७ फूट ३ इंचाच्या आसपासचा मीडियम-हेवी किंवा हेवी, फास्ट रॉडच लागतो. म्हणजे तुमचा रॉड वाईट नाही. तो जिग, टेक्सास रिग आणि स्पिनरबेटचा रॉड आहे, त्याला तेवढेच काम द्या.

आयएम६, आयएम७ या छापांना भुलू नका. ती मुळात हर्क्युलिस आणि पुढे हेक्सेल कंपनीच्या कार्बन तंतूंची नावे. रॉडच्या दर्जाची सर्वमान्य मोजपट्टी नव्हे. जास्त मॉड्युलसचा, म्हणजे जास्त ताठ, कार्बन हलका आणि संवेदनशील असतो खरा, पण बाजूने बसलेला टोला त्याला कमी सहन होतो.

रॉड माशामुळे क्वचित मोडतो. तो मोडतो गाडीच्या दारात, नावेच्या कडेवर आपटून, किंवा मासा हातात घेताना रॉड सरळ उभा धरल्यामुळे. उभा धरला की सगळा ताण बारीक टोकावर येतो आणि वरच्या एक तृतीयांश भागात कट्‌कन तुकडा पडतो. मुठीकडचा भाग आणि लाइन यांच्यातला कोन ९० अंशांच्या वर जाऊ देऊ नका; लाइन थोडी जास्त सोडा आणि रॉड बाजूला झुकवा. शिशाचे वजन कार्बनवर टणकन आदळले तर त्या क्षणी काही दिसत नाही, पण आतले तंतू चिरडतात आणि आठवड्याने साध्या फेकीत रॉड जातो.

रीळ: गतीचा आकडा काय सांगतो

८.१:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ८.१ वेळा फिरतो. किती लाइन येते हे मात्र स्पूलच्या व्यासावर ठरते. भरलेल्या स्पूलवर लाइनचा व्यास ३४ मिमी धरला तर परीघ सुमारे १०७ मिमी, ८.१ ने गुणले की एका फेऱ्यात ८६५ मिमी, म्हणजे ३४ इंच. ५.४:१ च्या रिळावर त्याच व्यासाला ५७७ मिमी. लांब फेकीनंतर व्यास २८ मिमीवर आला तर ८.१ वाले रीळही जेमतेम ७१० मिमी आणते. अर्धवट भरलेल्या स्पूलने वेगवान रीळ हळू होते ते असे.

वेगाची किंमत जोरात मोजावी लागते. लाइनवर तोच ताण असताना ८.१ च्या हँडलला ५.४ पेक्षा दीडपट जोर लागतो. खोल जाणारा क्रँकबेट दिवसभर ८.१ वर ओढला की मनगट दुखते, गिअरचे दात झिजतात, आणि नकळत आमिष गरजेपेक्षा जास्त वेगाने येते. खोल क्रँकबेटला ५ च्या घरातले, बाकी ओढायच्या आमिषांना ६ ते ७, आणि जिग, टेक्सास रिग, बेडकाचे आमिष यांना ७ ते ८. या शेवटच्यांत आमिषाची हालचाल रॉडने होते. रिळाचे काम फक्त सुटलेली लाइन झटपट गोळा करणे. एकच रीळ ठेवायचे असेल तर ७ च्या आसपासचे ठेवा.

बेअरिंगची संख्या हा विक्रीचा आकडा आहे. दोन चांगली स्पूल बेअरिंग दहा सुमार बेअरिंगांपेक्षा जास्त कामाची. त्यापेक्षा चौकट धातूची आहे का, ताण आल्यावर बाजूची पट्टी बोटाखाली हलते का, आणि ड्रॅग (मासा ठरावीक जोराने ओढू लागला की लाइन सोडणारी यंत्रणा) सुरू होताना झटका देतो की गुळगुळीत सुटतो, हे हाताने तपासा.

फेकताना स्पूल आवरणारे ब्रेक कसे लावायचे ते बघू. आमिष बांधा, रॉड समोर आडवा धरा, अंगठ्याचा खटका दाबा. हँडलच्या बाजूची ताणाची छोटी कळ इतकी आवळा की आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल जवळजवळ थांबेल. ब्रेक एकूण मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर ठेवा. वीस-पंचवीस फेकी याच मांडणीवर करा. मग ब्रेक एकेक खूण कमी करत जा, आणि हात बसल्यावर ताणाची कळही सैल करा, स्पूल बाजूला डुगडुगणार नाही एवढीच ठेवा. कळ कायम आवळून ठेवली तर फेक आखूड पडते आणि स्पूलचा दांडा विनाकारण घासतो.

ब्रेक दोन जातींचे. केंद्रापसारी ब्रेकमधले छोटे ठोकळे वेग वाढला की बाहेर सरकून कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ते फेकीच्या सुरुवातीला जोरात धरतात आणि शेवटी सोडून देतात. चुंबकीय ब्रेकचा जोर वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत थोडा थोडा धरतो. समोरून वारा असेल तेव्हा हा बरा. गुंता फेकीच्या सुरुवातीला होत असेल तर ब्रेक वाढवा. आमिष पाण्याला टेकताना होत असेल तर तो अंगठ्याचा दोष, ब्रेकचा नाही. टेकण्याच्या क्षणभर आधी स्पूल अंगठ्याने थांबवायचा.

गुंता झालाच तर वेढे उपटू नका. स्पूल अंगठ्याने घट्ट दाबून धरा, तसाच दाबलेला ठेवून हँडलचे दोन-तीन फेरे द्या, खटका दाबा आणि लाइन हळू ओढा. बहुतेक गुंते दोन-तीनदा असे केल्यावर सुटतात. फ्लुरोकार्बनवर गुंत्याच्या जागी पांढरी मुरड पडली असेल तर ती जागा कायमची कमजोर झाली असे धरा.

स्पिनिंग रिळाचा रोग वेगळा: पीळ. फेकीनंतर बेलची तार (लाइन पकडून स्पूलवर गुंडाळणारी वाकडी तार) हँडल फिरवून नव्हे, हाताने बंद करा आणि लाइन एकदा ताठ ओढा. मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहू नका. ६:१ च्या रिळावर लाइन आत न येता दिलेला प्रत्येक फेरा लाइनला सहा पीळ घालतो. पीळ साचला असेल तर चालत्या नावेमागे आमिष, गाठ, वजन काहीही न लावता पन्नासेक मीटर लाइन सोडा आणि मिनिटभराने गोळा करा.

भरताना स्पिनिंगवर स्पूलच्या कडेखाली दीड ते दोन मिमी जागा ठेवा. जास्त भरले की वेढ्यांचे झुपके एकदम सुटतात. लाइनचे नवे रीळ जमिनीवर आडवे ठेवून पंधरा-वीस फेरे भरा, लाइन सैल सोडून बघा. गुंडाळी होत असेल तर ते उलटे करून ठेवा. बेटकास्टरसाठी लाइनचे नवे रीळ पेन्सिलीवर ओवून सरळ फिरू द्या. ब्रेडेड थेट स्पूलवर बांधली तर अख्खा गठ्ठा स्पूलभोवती घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते. खाली दहा मीटर नायलॉन भरा, आणि ब्रेडेड ओल्या फडक्यातून दाबून, ताणात भरा.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर लावायचा: १२ पौंडीला ३ ते साडेतीन पौंड. ताणकाटा लाइनच्या टोकाला अडकवून, रॉड वाकलेला ठेवून मोजा, कारण कड्यांचे घर्षणही त्यात धरावे लागते. बेडकाच्या आमिषाला दाट शेवाळात मात्र ड्रॅग जवळजवळ बंदच ठेवतात.

खरखर आणि उलटे फिरणारे हँडल

गोड्या पाण्यात मीठ नसते, म्हणून रिळे धुवायची नाहीत असे अनेकांना वाटते. खरा शत्रू बारीक वाळू आणि चिखल. फेरी संपली की ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी वॉशरांत शिरत नाही. नळाच्या मंद धारेखाली किंवा ओल्या फडक्याने बाहेरून स्वच्छ करा. जोराचा फवारा नको, बादलीत बुडवणे तर नकोच. दोन्हींनी घाण आत जाते. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेल्या ड्रॅगचे वॉशर दबून राहतात आणि पुढच्या हंगामात ड्रॅग झटके देत सुटतो.

तेल आणि ग्रीस यांची अदलाबदल हे बहुतेक बिघाडांचे मूळ. वेगाने फिरते त्याला पातळ तेल, जोर सोसते त्याला ग्रीस. स्पूल बेअरिंगला एक थेंब. खरोखर एकच; जास्त झाले की फेक आखूड होते आणि तेल ब्रेकच्या कड्यावर उडते. लाइन डावी-उजवीकडे नेणाऱ्या पेचाच्या दांड्याला आणि हँडलच्या बोंडांना एकेक थेंब. स्पिनिंग रिळाच्या लाइन रोलरला एक थेंब; सगळ्यात दुर्लक्षित बेअरिंग हेच, आणि ते अडकले की रोलरवर लाइनची खाच पडते. मुख्य गिअर आणि पिनियन (त्याला जुळणारा छोटा गिअर) यांच्या दातांवर टूथब्रशने ग्रीसचा पातळ थर. गंज सोडवायचे फवारे वंगण म्हणून वापरू नका, ते असलेले ग्रीस धुऊन नेतात.

आता तुमचे उलटे फिरणारे हँडल. ते उलटे जाऊ न देणारी एकदिशा क्लच बेअरिंग असते. तिच्यात बारीक रोलर असतात, ते दांड्याला चावून धरतात. तिथे ग्रीस गेले की रोलर घसरतात. हँडल, ड्रॅगचा तारा आणि बाजूचे झाकण काढले की ती दिसते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रोलर आणि आतली नळी पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. वाळल्यावर काडीच्या टोकाने नावापुरते पातळ तेल. ग्रीस अजिबात नाही. रिळात कुणी नुकतेच सढळ हाताने ग्रीस भरले असेल तर कारण शोधायला आणखी कुठे जायला नको.

खरखर कुठली ते उघडण्याआधी ओळखता येते. आमिषाशिवाय हँडल फिरवा, मग कुणाला तरी लाइन ताणून धरायला सांगून फिरवा. दोन्ही वेळा सारखीच खरखर असेल तर बेअरिंग घाणेरडी किंवा कोरडी. फक्त ताणाखाली होत असेल तर गिअर: दातांत वाळू आहे किंवा दात झिजले आहेत. फेकताना किंचाळी येत असेल तर स्पूल बेअरिंग कोरडी.

उघडताना पांढरे कापड अंथरा, अंड्याच्या ट्रेमध्ये भाग काढलेल्या क्रमाने ठेवा, दर टप्प्याला फोटो काढा. स्प्रिंगवरचे झाकण पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून काढा, म्हणजे उडालेली स्प्रिंग शोधत बसावे लागणार नाही. नट हलत नसेल तर जोर लावू नका, काही नट उलट्या आट्यांचे असतात. रिळाबरोबर आलेला सुट्या भागांचा नकाशा आधी बघा. बेअरिंग काढून अल्कोहोलमध्ये पाच-दहा मिनिटे ठेवा, हलवा, कागदावर वाळवा. मग पेन्सिलीच्या टोकावर अडकवून बोटाने फिरवा. मोकळी फिरली तर एक थेंब तेल लावून परत बसवा. स्वच्छ होऊनही अडखळली तर बदला. जुने ग्रीस पूर्ण पुसून दात भिंगाखाली बघा. टोके गोल झाली असतील किंवा चकाकते पट्टे दिसत असतील तर पिनियन आणि मुख्य गिअर जोडीनेच बदला. एकच बदलला तर नवा जुन्यासारखा झिजतो.

कार्बन ड्रॅग वॉशर कोरडे किंवा ड्रॅगच्या खास ग्रीसचा पातळ हात देऊन चालतात. बनातीच्या वॉशरला तेल किंवा तेच ग्रीस लागते. साधे गिअर ग्रीस दोन्हींना नको.

आणखी दोन किरकोळ बिघाड. लाइन वाहून नेणारा भाग एका कडेला थांबला तर पेचाच्या दांड्यात अडकलेला तंगुसाचा तुकडा शोधा. नसेल तर त्याखालची छोटी पॉल (पेचाच्या खाचेत चालणारी जीभ) झिजली आहे, ती मिनिटात बदलते. स्पिनिंगच्या स्पूलवर लाइन पुढच्या कडेला ढीग करत असेल तर स्पूलखाली एक पातळ वॉशर वाढवा, मागच्या कडेला करत असेल तर एक काढा.

कड्या तपासायला कापसाचा बोळा प्रत्येकीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तिथे सिरॅमिकला चीर आहे, आणि ती चीर लाइन चाकूसारखी कापते. आमिषाचा गळ कडीच्या रिंगमध्ये अडकवून रॉड नेण्याची सवय या चिरांना जन्म देते; गळ मुठीजवळच्या छोट्या कडीत किंवा कडीच्या बाहेरच्या तारेत अडकवा. टोकाची कडी घरी बदलता येते: लायटरने धातूची नळी हलके गरम करून ओढा, नवी कडी गरम चिकटणाऱ्या गोंदाने बसवा आणि गोंद मऊ असतानाच बाकीच्या कड्यांच्या रेषेत फिरवा. एपॉक्सी वापरलीत तर पुढच्या वेळी कडीबरोबर रॉडचे टोकही जाईल.

लाइन कधी बदलायची? आठवड्याला मासेमारी असेल तर नायलॉन दीड-दोन महिन्यांनी, फ्लुरोकार्बन हंगामात दोनदा, ब्रेडेड एक-दोन वर्षांनी, मध्ये एकदा टोक उलटवून. फेकीत वापरली जाते ती वरची चाळीसेक मीटर; खाली जुनी लाइन राहू दिली आणि तेवढाच वरचा भाग बदलला तरी चालते. गाडीत उन्हात ठेवलेले नायलॉन मात्र गुंडाळलेले असले तरी वापरू नका.

खर्चाचा क्रम मग असा लावा. आधी क्लच पुसा, गिअर बघा आणि ताजी लाइन भरा. पैसे उरले तर हलक्या आमिषांसाठी २५०० चा स्पिनिंग संच घ्या. त्यानंतर क्रँकबेटचा मॉडरेट रॉड. त्यावर ५ किंवा ६ च्या घरातले साधे रीळही चालेल.